जावक क्रमांक दोनशे चौदा

ज्या खुर्चीत बसून मी हे लिहितोय, तिची बैठक सदूनं विणलेली आहे. देवरूखच्या आमच्या कॉलेजच्या ऑफिसात अशा अठरा खुर्च्या आहेत आणि दर वर्षी सैल पडलेल्या विणायला तो येतो. खाली फतकल मारून बसतो, वेताची पट्टी भिजवतो आणि बोटांनी भोकं चाचपत विणत जातो. पट्टी कुठं तुटायला आलीय ते आम्हाला डोळ्यांनी दिसत नाही, त्याला अंगठ्याला कळतं.

सदू म्हणजे सदानंद भुवड. माझा वर्गमित्र. आम्ही दोघं याच कॉलेजात पहिल्या वर्षाला होतो तेव्हा काचबिंदूनं त्याचे डोळे गेले. कळलं तेव्हा उशीर झाला होता. एक वर्ष घरी बसला आणि मग परत आला. दुसऱ्यांकडून पुस्तकं वाचून घेऊन बीए झाला, तेही सेकंड क्लासमध्ये. मी दोन्ही डोळे शाबूत असताना थर्ड क्लासवर काठावर सुटलो. पुढं मला त्याच कॉलेजात कारकुनाची नोकरी लागली आणि त्याला त्याच कॉलेजातल्या खुर्च्या विणायला मिळाल्या. ह्याला नशीब म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे.

सदूनं मात्र नशिबाला हात जोडले नाहीत. सरकारी नोकरीत दिव्यांगांसाठी राखीव जागा असतात हे त्याला कळलं आणि तो परीक्षांच्या मागं लागला. अभ्यासाला तो कधीच कमी पडला नाही. अभ्यास मोबाईलवर ऐकून व्हायचा. आंधळ्याची परीक्षा पेपरात नसते, लेखनिकात असते, हे मला त्याच्यामुळे कळलं. लेखनिक म्हणजे त्याला प्रश्न वाचून दाखवणारा आणि तो सांगेल ते उत्तर लिहिणारा माणूस. तो उमेदवारापेक्षा कमी शिकलेला असावा लागतो. एका वर्षी लेखनिक पदवीधर निघाला म्हणून दोघांना दारातूनच परत पाठवलं. एका वर्षी लेखनिकालाच गणिताची धास्ती होती, त्यानं गणितं नीट वाचलीच नाहीत. गणित कच्चं त्याचं आणि दोन मार्कांनी नापास झाला सदू. अशी बारा वर्षं गेली.

गेल्या वर्षी एका खात्याची लिपिकांची भरती निघाली. दिव्यांगांना वयाची अट पंचेचाळीस. जाहिरातीच्या तारखेला सदूला पंचेचाळीस पुरी व्हायला तीन महिने होते. म्हणजे ही शेवटची. ह्यानंतर कुठल्याही जाहिरातीत त्याचं वय बसणार नव्हतं. त्याची आई गंगाकाकी ऐंशीच्या घरात आली होती, आणि आपण गेल्यावर ह्याचं कसं, एवढी एकच गोष्ट ती बाई देवाशी बोलत असे.

आमच्या कॉलेजात समान संधी केंद्र आहे. नाव मोठं आहे. केंद्र म्हणजे पहिल्या मजल्यावरची एक खोली, दोन कपाटं, भिंतीवर समानतेची सुवचनं आणि एक रजिस्टर. त्याचा कारभार माझ्याकडे. रजिस्टरात अकरा लेखनिकांची नावं होती, सगळी कॉलेजचीच पोरं. त्यातला अजिंक्य नावाचा मुलगा मी सदूला नेमून दिला आणि फॉर्ममध्ये त्याचं नाव भरलं. परीक्षा फेब्रुवारीत होती. मग ती पुढं ढकलली आणि मार्चातल्या एका रविवारी ठेवली.

तारीख ठरवणारा माणूस कोकणातला नसणार. तो रविवार ऐन शिमग्यातला होता. देव पालखीत बसून वाडीवाडीत, घराघरांत जातो ते दिवस. मुंबईला असलेला माणूस रजा नाही मिळाली तरी येतो. अजिंक्यनं सांगितलं की त्याच्या गावची पालखी त्याच दिवशी त्याच्या घरी आहे. मी रजिस्टरातल्या बाकीच्या दहाजणांना फोन लावले. दहाही जणांचं उत्तर तेच. पोरांना बोल लावण्यात अर्थ नव्हता. मीही माझ्या घरची पालखी सोडून कुठं गेलो नसतो. आमची दोन दिवस आधी होती म्हणून मी मोकळा होतो, एवढंच.

शेवटी सदूच्या भावाची मुलगी सानिका तयार झाली. अकरावीला होती, वाचणं स्पष्ट, आणि काकाला रोज वर्तमानपत्र वाचून दाखवायची सवय. मला तर वाटलं, ही आधीच का सुचली नाही. लेखनिक बदलायचा असेल तर परीक्षेच्या चार दिवस आधी ई-मेलनं कळवायचं होतं. सोमवारी सदू तिला घेऊन ऑफिसात आला. मी पत्र तयार केलं, प्राचार्यांची सही घेतली, शिक्का मारला, तिचं आधार कार्ड आणि मार्कलिस्ट स्कॅन केली आणि जावक रजिस्टरात नोंद केली. जावक क्रमांक दोनशे चौदा.

आता आमच्या ऑफिसची रीत सांगतो. आमच्याकडे आधी नंबर पडतो आणि मग कागद जातो. वर्षानुवर्षं अशीच सवय झालीय. एकदा नंबर पडला की काम झालं असं मन समजतं.

नंबर टाकून मी मोबाईलवर ई-मेल लिहायला घेतला. जोडायचं ते जोडलं. तेवढ्यात प्राचार्यांनी हाक मारली. गुरुवारी कॉलेजची तपासणी करायला समिती येणार होती आणि समान संधी केंद्राच्या फोटोंचा अल्बम अजून रिकामा होता. सदू आलाच आहे तर त्याचा रॅम्पवर फोटो घ्या, असं त्यांनी सांगितलं. रॅम्प समितीसाठीच घातला होता. तो तळमजल्यापर्यंत जातो, केंद्र वरच्या मजल्यावर आहे, पण ते फोटोत दिसत नाही. सदूला मी रॅम्पवर उभा केला. इतकी वर्षं तो दारापुढच्या नऊ पायऱ्या मोजून बिनघोर चढत आला होता, उतारावर त्याचा पाय अडखळला.

"विनोद, माज्या पायांना काय झालेलं नाय रे," तो हसत म्हणाला, "गेलेत ते डोळे. पन काढ, काढ. तुजा काम होऊ दे."

माझं काम झालं. सोमवार, मंगळवार, बुधवार मी अल्बमच्या मागं होतो. कुठल्या फोटोखाली काय लिहायचं, सुवचनांच्या पाट्या कुठं लावायच्या, कपाटावरची धूळ कोणी झाडायची. बुधवारी सदूचा फोन आला होता, पत्र गेलं ना विचारायला. मी म्हटलं, कधीच गेलं, जावक क्रमांक दोनशे चौदा. त्यानं तो नंबर पाठ करून ठेवला. त्याला सगळंच पाठ ठेवावं लागतं.

इकडे गावात वेगळंच संकट उभं होतं. सदूच्या गावी नियम असा की पालखी वाडीत शिरली की आपल्या घरी देव येऊन जाईपर्यंत घरातल्या कुणी गावची शीव ओलांडायची नाही. आणि घरांचा क्रम ठरलेला. पहिला मान आप्पांच्या घरचा, मग बाकीचे मानकरी, मग उरलेली घरं. तेवीस घरांत सदूचं घर तेविसावं. पालखी तिथं पोचायची ती दिवेलागणीला. परीक्षा दुपारी अडीचला, कॉम्प्युटरवर, रत्नागिरीच्या बाहेर, गाडीनं दीड तासावर. गंगाकाकी म्हणाली, देवाला पाठ दाखवून परीक्षेला जाशील तर पास होऊन तरी काय उपयोग. सदूनंही तिचं ऐकलं. मला त्या वेळी दोघांचा संताप आला होता. आज त्यांच्यावर संतापायचा मला हक्क उरलेला नाही.

शनिवारी सकाळी सदू काठी टेकत एकटा आप्पांच्या घरी गेला. आप्पा गावचे पहिले मानकरी, सगळ्या गावाच्या वतीनं देवापुढं गाऱ्हाणं घालणारे. वय सत्त्याहत्तर आणि स्वभाव कातळासारखा. आपल्या घरी पहिली पालखी येते ह्या एका गोष्टीवर त्यांनी दोन भावांशी जन्मभर अबोला धरला होता. त्यांच्यासमोर उभं राहून सदूनं मागितलं की उद्या देव आधी आमच्याकडे आणा. पंचेचाळीस वर्षांत त्यानं गावाकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. सानिका सोबत गेली नव्हती, पण अंगणाबाहेरून ऐकत होती, तिनं मला नंतर सांगितलं. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी गावकी बोलावली. गावकीत आरडाओरडा झाला. वाडवडिलांपासूनचा क्रम, कोणी मोडायचा? आप्पा म्हणाले, "मान माजा हाय. माज्या मानाची पालखी मी सदूला दिली. बाकीच्यांचा क्रम हाय तसा ऱ्हाऊ दे."

समानतेवरचे पाच ठराव मी कॉलेजात टाईप केलेत. त्यातल्या एकाही ठरावात कुणी आपलं काही सोडलेलं नाही.

रविवारी सकाळी मी माझी गाडी घेऊन गावात पोचलो. नऊ वाजता ढोल वाजत पालखी तेविसाव्या घरी आली. बायका रडत होत्या. गंगाकाकीनं पुढं होऊन ओटी भरली. आप्पांनी पालखीच्या दांड्याला हात लावून गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, आज तुजी वाट बदलून तुला हितं आणला हाय. ह्यो सदानंद तुजा लेकरू. आज ह्येची शेवटची परीक्षा हाय. ह्येच्या वाटेत जो कोण आडवा आला असंल त्याला बाजूला कर, आनि ह्येचा कागद फुडं सरकव."

"व्हय म्हाराजा," सगळा गाव म्हणाला. मीही म्हणालो, आणि चांगलं खणखणीत म्हणालो.

दहाला निघालो. गाडीत सदू पाठ केलेलं स्वतःशीच पुटपुटत होता आणि सानिका मधूनच प्रश्न विचारत होती. एकही चुकला नाही. साडेअकराला केंद्रावर पोचलो. झाडाखाली बसून घरून आणलेली घावनं खाल्ली. दीड वाजता गेटवर नावं तपासायला सुरुवात झाली.

तिथल्या माणसानं हातातल्या यादीत बघितलं आणि लेखनिक अजिंक्य कुठं आहे म्हणून विचारलं. मी सांगितलं, बदल झालाय, पत्र पाठवलंय. तो म्हणाला, आमच्याकडे आलेलं नाही. सदू शांतपणे पुढं झाला आणि म्हणाला, "साहेब, कॉलेजनं पाठवलंय. जावक क्रमांक दोनशे चौदा, सोमवारची तारीख." इतक्या विश्वासानं बोलला की तो माणूसही जरा वरमला. म्हणाला, ई-मेल दाखवा, मी वर विचारतो.

मी फोन काढला. पाठवलेल्यांत शोधलं. नव्हता. परत शोधलं. मग मसुद्यांमध्ये बघितलं. तिथं होता. सोमवारी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी लिहिलेला, सानिकाचं आधार कार्ड, मार्कलिस्ट, प्राचार्यांची सही, सगळं जोडलेलं. फक्त पाठवायचं बटण दाबायचं राहिलं होतं.

मी तिथल्या तिथं बटण दाबलं. सदूनं विचारलं, "सापडला काय रे?"

मी म्हटलं, "रेंज नाही इथं."

एवढंच बोललो. तेवढ्यात हातातला फोन टिंग करून वाजला. कॉलेजच्या ग्रुपवर प्राचार्यांचा निरोप होता. समितीनं समान संधी केंद्राचं विशेष कौतुक केलं, सर्वांचं अभिनंदन. खाली फोटो. रॅम्पवर सदू हसत उभा.

पुढचा अर्धा तास मी काय काय केलं ते सांगायला मला लाज वाटते. त्या माणसाला बाजूला नेऊन त्याचे पाय धरले. आत्ता पाठवलेला ई-मेल दाखवला, तर तो म्हणाला, आजचा आज चालत नाही, मुदत बुधवारी संपली. तुमच्याकडचा कोणीही लेखनिक द्या म्हटलं, तर फॉर्ममध्ये 'स्वतःचा लेखनिक' असं भरलंय म्हणाला. ते मीच भरलं होतं. मदत क्रमांकावर गाणं वाजत राहिलं. सानिका त्या माणसाला रडत सांगत होती की मी फक्त वाचून दाखवीन, हवं तर हात मागं बांधा. तो वाईट माणूस नव्हता. त्याचेही डोळे भरले होते. पण यादी त्याच्या हातातली असली तरी त्याची नव्हती.

दोनला पाच मिनिटं कमी असताना तो म्हणाला, उमेदवाराला आत सोडता येईल, मुलीला नाही.

मी सदूला म्हटलं, चल घरी. त्यानं काठी सानिकाच्या हातात दिली आणि तो म्हणाला, "मी आत जातो. गावानं देवाची वाट बदललीय माज्यासाठी. दारातना परत कसा जाऊ?"

गेला. कुणीतरी त्याच्या दंडाला धरून नेलं. गेट लागलं.

तीन तासांनी बाहेर आला. घाम आला होता, चेहरा मात्र नेहमीसारखाच. सानिकानं विचारलं तर म्हणाला, केंद्रावरच्या एका मुलीनं माझा हात माऊसवर नेऊन ठेवला, तो तसाच ठेवून बसलो. मग थोड्या वेळानं म्हणाला, आजूबाजूची पोरं बटणं दाबत होती, त्यांचे आवाज मोजत होतो, एका पोरानं सगळे शंभर सोडवले बघ. सानिका ओक्साबोक्शी रडायला लागली. मी गाडी सुरू केली. परतीच्या वाटेवर मी दहा वेळा सांगायला तोंड उघडलं आणि दहा वेळा मिटलं.

गाव वाट बघत होतं. सदूनं एवढंच सांगितलं की वरच्या लोकांनी सानिकाला आत सोडलं नाही. आप्पा मटकन ओट्यावर बसले. कोणीतरी हळूच म्हणालं, क्रम मोडला, देवाला रुचलं नाही. दुसऱ्यानं मान हलवली. आप्पांनी ऐकलं. मी तिथंच होतो. तेव्हा मी एक वाक्य बोललो असतो तर त्या म्हाताऱ्याच्या डोक्यावरचं ओझं तिथंच उतरलं असतं. मी नाही बोललो. नोकरी जाईल, गाव तुडवील, सदू काय म्हणेल, सगळी भीती एकदम आली. चहासुद्धा न घेता मी निघालो.

वर्ष गेलं. कॉलेजला चांगली श्रेणी मिळाली. सदूचा रॅम्पवरचा फोटो मोठा करून केंद्राच्या भिंतीवर लावलाय, त्याला तो दिसत नाही आणि मला त्याच्याकडे बघवत नाही. आप्पांनी अंथरूण धरल्याचं कळलं. गावात सांगत होते की म्हातारा जेवत नाही, माझ्या हातून पोराचं वाटोळं झालं म्हणतो.

ह्या फेब्रुवारीत सदू खुर्च्या विणायला आला. दुपारी ऑफिसात कोणी नव्हतं. मी त्याच्यासमोर जमिनीवर बसलो आणि म्हटलं, "सदू, ते पत्र..."

त्यानं हात थांबवला नाही. "रेंज होती विनोद," तो म्हणाला. "तू नाय म्हणालास आनि लगेच तुजा फोन वाजला. मी आंधळा हाय, बहिरा नाय."

वर्षभर त्याला माहीत होतं. वर्षभर तो मला फोन करून सणवारी विचारपूस करत होता.

"मला कशाला सांगतोस?" तो म्हणाला. "माजा जायचा होता तो गेला. आप्पांना सांग. त्यांना वाटतंय त्यांच्या हातना झाला."

शिमग्याला मी गेलो. पालखी सहाणेवर होती, देव बसतो त्या चौथऱ्यावर. क्रम पुन्हा पहिल्यासारखा लावला होता, सदूचं घर पुन्हा तेविसावं. आप्पांना दोघांनी धरून आणलं होतं. आवाज पार खोल गेला होता. त्यांनी दांड्याला हात लावला आणि गाऱ्हाणं सुरू केलं. "बा देवा म्हाराजा, गेल्या साली मी तुजी वाट मोडली. माजी चूक झाली. ती त्या लेकराला भोवली. माजी चूक पोटात घाल."

सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणणार तोच मी पुढं झालो आणि म्हणालो, "नाही म्हाराजा."

गाऱ्हाण्यात कोणी नाही म्हणत नाही. ढोलवाल्यानं टिपरी खाली घेतली. मी सगळं सांगितलं. पत्र, नंबर, अल्बम, बटण, रेंज. एकदोघं अंगावर आले, कोणीतरी कॉलर धरली, आप्पांनी हात वर केला तसे थांबले. मला वाटलं आता म्हातारा मला शिव्या घालील. मी त्याचीच वाट बघत होतो, खरं सांगायचं तर मला त्या हव्या होत्या.

आप्पांनी विचारलं, "मग आता परीक्षा परत घेतील?"

मी म्हटलं, नाही. वय संपलं.

"कायच नाय करता येत?"

"काहीच नाही."

आप्पा पालखीकडे वळले. हात पुन्हा दांड्यावर ठेवला, "बा देवा म्हाराजा" म्हणाले आणि थांबले. साठ वर्षं त्या माणसानं सगळ्या गावासाठी देवाकडे मागितलं होतं. गुरांसाठी, पोरांसाठी, मुंबईला गेलेल्यांसाठी. आता सदूसाठी मागायचं काय, हेच त्यांना सुचेना. लोक 'व्हय म्हाराजा' म्हणायला तोंड उघडून उभे होते. गर्दीच्या कडेला सदू उभा होता, सानिकाच्या खांद्यावर हात ठेवून, आप्पांच्या आवाजाच्या दिशेनं मान वळवून. तोही ऐकत होता.

शेवटी आप्पांनी हात काढून घेतला, भोयांनी पालखी उचलली आणि ती पहिल्या घराच्या वाटेला लागली.